ऑलिंपस ई-एम१० मार्क २ : आतषबाजीचे फोटो काढायचे तर अजूनही हाच

सरळ मुद्द्यावर येते. आकाशात फुटणारी आतषबाजी, रस्त्यावरच्या गाड्यांच्या लाईटच्या रेघा, ताऱ्यांच्या फिरत्या रेषा, विजा, असलं जे काही अंधारात स्वतःच उजेड पाडत जातं त्याचे फोटो काढायची आवड असेल तर ऑलिंपसचा हा छोटासा कॅमेरा, ओएम-डी ई-एम१० मार्क २, आजही घेण्यासारखा आहे आणि मी तो मनापासून सुचवते. मॉडेल २०१५ चं, १६ मेगापिक्सेल, सेन्सर (उजेड टिपणारा भाग) मायक्रो फोर थर्ड्स म्हणजे फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरच्या साधारण पाव क्षेत्रफळाचा. नुसते आकडे बघितले तर अंधारासाठी हा कॅमेरा कोणी सांगणारच नाही, आणि म्हणूनच हे एवढं लांबलचक लिहितेय, कारण आकडे बघून कॅमेरा घेणारी मंडळी इथेच फसतात.

अंधारातले फोटो दोन प्रकारचे असतात. एकात उजेड हाच विषय असतो, आतषबाजी, वीज, ट्रॅफिक वगैरे. दुसऱ्यात विषय वेगळाच असतो, माणूस, स्टेजवरचा कलाकार, मेणबत्तीच्या उजेडातला चेहरा, आणि त्याच्यावर उजेड कमी पडलेला असतो. दुसऱ्या प्रकारात आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) वाढवावा लागतो, मग मोठा सेन्सर हवा, मोठ्या ॲपर्चरची म्हणजे उजेड आत यायला मोठं भोक असलेली लेन्स हवी, सगळं खरं. पण पहिल्या प्रकारात कॅमेरा ट्रायपॉडवर असतो, आयएसओ १०० नाहीतर २०० असतो, आणि तिथे सेन्सर छोटा असल्याचा फारसा फरक पडतच नाही. तिथे फरक पडतो तो कॅमेरा लाँग एक्स्पोजर (शटर बराच वेळ उघडं ठेवून काढायचा फोटो) किती सोयीने करू देतो याचा. आणि त्या बाबतीत हा कॅमेरा आपल्या वजनाच्या (बॅटरी कार्डासकट ३९० ग्रॅम!) मानाने फारच पुढे आहे.

आधी आतषबाजीचं गणित सांगते म्हणजे कॅमेऱ्याचं कौतुक का करतेय ते कळेल. फुटलेल्या गोळ्यातली एकेक ठिणगी म्हणजे पळणारा उजेडाचा ठिपका. तो सेन्सरच्या एका जागेवर क्षणभरच असतो आणि पुढे सरकतो, त्यामुळे त्याची रेघ किती उजळ येणार हे ठरतं ॲपर्चर आणि आयएसओवर. शटर २ सेकंद उघडं ठेवा नाहीतर ८ सेकंद, त्या रेघेचा उजेड तेवढाच राहतो. शटरच्या वेळेने ठरतं ते एवढंच की फ्रेममध्ये किती फुलं येणार, आणि मागचं आकाश, बिल्डिंग, धूर किती उजळणार. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. आयएसओ २००, ॲपर्चर एफ/८ (एफचा आकडा मोठा तेवढं भोक छोटं), आणि शटर बल्बवर, इथून सुरुवात करायची. रेघा पांढऱ्याफटक येत असतील, रंगच दिसत नसतील, तर एफ/११ करा, शटरला हात लावू नका.

आता बल्ब मोड तर सगळ्याच कॅमेऱ्यांत असतो, बटण दाबून धरलंय तोवर शटर उघडं. पण बाकीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत शटर उघडं असताना स्क्रीन काळी होते, आत काय साठत चाललंय काही कळत नाही, सोडल्यावर बघायचं आणि मग हळहळायचं. ऑलिंपसने २०१२ च्या ई-एम५ मध्ये लाइव्ह बल्ब आणलं आणि ते या कॅमेऱ्यातही आहे. एक्स्पोजर चालू असतानाच स्क्रीनवर फोटो तयार होताना दिसतो. गोळा वर जातानाची बारीक रेघ उमटते, मग फुटतो, पुढच्या अपडेटला पूर्ण फूल दिसतं, अजून एक बाजूला फुटलं की तेही त्याच फोटोत येऊन बसतं, आणि फ्रेम भरली असं वाटलं की बोट उचलायचं. एवढंच! यात अंदाज बांधणं नाही, सेकंद मोजणं नाही. स्क्रीन किती वेळाने ताजी व्हावी हे मेनूत ठरवता येतं, अर्ध्या सेकंदापासून ६० सेकंदांपर्यंत. एका फोटोत असे अपडेट ठराविकच मिळतात आणि आयएसओ वाढवला की अजून कमी होतात, त्यामुळे मी आतषबाजीला १ सेकंदावर ठेवते, अर्ध्यावर ठेवलं तर लांबलेल्या एक्स्पोजरमध्ये अपडेट लवकर संपतात.

मोड शोधायला मात्र नव्या माणसाला त्रास होईल. डायल एम वर (मॅन्युअल, म्हणजे सगळं आपणच ठरवायचं तो मोड) करायची आणि शटर स्पीड हळू हळू करत ६० सेकंदांच्याही पलीकडे न्यायचा, मग लाइव्ह बल्ब, लाइव्ह टाइम आणि लाइव्ह कॉम्प अशी तिन्ही नावं एकापाठोपाठ येतात. बल्बमध्ये बटण धरून ठेवायचं, टाइममध्ये एकदा दाबलं की सुरू आणि परत दाबलं की बंद. बोटाने दाबणार असाल तर टाइम बरा, कारण बटण धरून ठेवलं की कॅमेरा थरथरतो. पण खरं म्हणजे वायरचा रिमोटच घ्या, आरएम-यूसी१ नावाचा येतो, यात चालतो. फोनवरच्या ॲपनेही शटर उघडता मिटता येतं आणि फोटो तयार होताना फोनवरच दिसतो, भारी वाटतं, फक्त एका हातात फोन, त्याचा उजेड डोळ्यांवर, आणि वर आकाशात काय चाललंय ते बघायचं राहूनच जातं. मला वायर आवडते, नजर आकाशाकडे ठेवून नुसत्या अंगठ्याने काम होतं.

तिसरं जे लाइव्ह कॉम्प, म्हणजे लाइव्ह कॉम्पोझिट, ते या कॅमेऱ्याचं खरं रत्न आहे. पहिल्या ई-एम१० मध्ये २०१४ ला आलं. कसं चालतं बघा. तुम्ही एक बेस एक्स्पोजर ठरवता, समजा ४ सेकंद. पहिल्यांदा बटण दाबलं की कॅमेरा नॉईज कमी करण्यासाठीचा एक संदर्भ फोटो घेऊन तयार होतो, दुसऱ्यांदा दाबलं की ४ सेकंदांचे फोटो एकामागून एक घेत राहतो आणि प्रत्येक नव्या फोटोतलं जे आधीपेक्षा उजळ आहे तेवढंच मूळ फोटोत घालतो. मागची बिल्डिंग तेवढ्याच उजेडाची राहते, पुलावरचे दिवे जळत (म्हणजे पांढरेफटक होत) नाहीत, आणि नव्याने आलेला उजेड तेवढा भरत जातो. ३ तासांपर्यंत चालू ठेवता येतं, शेवटी एकच फाईल मिळते आणि ती रॉमध्येही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) मिळते, कॉम्प्युटरवर शेकडो फोटो जोडत बसायची गरज नाही. ताऱ्यांच्या रेषांसाठी, ट्रॅफिकसाठी आणि विजांसाठी याच्यासारखं सुख नाही. विजांना तर काय, खिडकीपाशी ट्रायपॉड लावायचा, सुरू करायचं आणि वाट बघायची, वीज कधी पडेल याचा अंदाज बांधायची गरजच उरत नाही. (गडगडाट ऐकू येत असेल तर उघड्यावर उभं राहायचं नाही, फोटो गेला खड्ड्यात.)

आतषबाजीला मात्र मी लाइव्ह कॉम्पपेक्षा लाइव्ह बल्बच पसंत करते, जरी बरेच जण उलटं सांगतात. एक कारण असं की कॉम्पमध्ये मोह होतो, चालू ठेव, अजून एक येऊ दे, अजून एक, आणि शेवटी सगळी फुलं एकमेकांवर चढून नुसता गिचका होतो. दुसरं म्हणजे धूर. धुरावर फटाक्यांचा उजेड पडला की तोही आधीच्या काळ्या आकाशापेक्षा उजळच की, मग कॅमेरा इमानदारीने तोही साठवत जातो. ज्या ठिकाणी पुढे शहराचे भरपूर दिवे आहेत आणि लांब एक्स्पोजरमध्ये ते जळतात तिथेच कॉम्प वापरावं, आणि तिथेही तीन चार गोळे झाले की थांबावं. हवं तर मध्ये मध्ये लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरायचा, लेन्सला न टेकवता, आणि पुढचा गोळा वर निघाला की बाजूला घ्यायचा, ही जुनी युक्ती बल्ब आणि कॉम्प दोन्हीत चालते आणि स्क्रीनवर लगेच दिसत असल्याने इथे जास्तच चांगली चालते.

धुराचं अजून थोडं. कुठलाही कॅमेरा असला तरी सगळ्यात स्वच्छ फोटो पहिल्या काही मिनिटांतच मिळतात, नंतर धूर साचतो. म्हणून सेटिंग आधीच लावून तयार राहायचं, आणि वारा आपल्या पाठीकडून किंवा बाजूने वाहतोय अशा जागी उभं राहायचं, वारा समोरून असेल तर सगळा धूर आपल्या आणि फटाक्यांच्या मध्ये येतो. शेवटी शेवटी एकदम खूप गोळे सोडतात तेव्हा एफ/११ करून सेकंद दोन सेकंदांवर यायचं नाहीतर मध्यभाग पांढरा होतो.

फोकस. हा मुद्दा नीट वाचा, कारण ऑटोफोकस हा या कॅमेऱ्याचा अंधारातला कमकुवत भाग आहे. फोकसची पद्धत कॉन्ट्रास्टवर म्हणजे उजळ-काळ्यातल्या फरकावर चालणारी, दिवसा झटकन होतो, पण काळ्या आकाशात कॉन्ट्रास्टच नसतो तर तो धरणार काय. म्हणून लांबच्या एखाद्या दिव्यावर मॅन्युअल फोकस करायचा, स्क्रीनवर १० पट किंवा १४ पट मोठं करून बघता येतं, दिवा अगदी बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरवायची आणि मग सोडून द्यायचं. छोट्या सेन्सरचा फायदा इथे होतो, १४ एमएमला (बरोबर येणाऱ्या लेन्सची सगळ्यात रुंद बाजू) एफ/८ वर लांब फोकस केला तर साधारण दोन मीटरच्या पुढचं सगळंच शार्प येतं, पुढे उभ्या माणसांच्या आकृत्यासुद्धा. आणि मेनूत रीसेट लेन्स नावाचं एक सेटिंग आहे ते बंद करा, नाहीतर कॅमेरा बंद करून परत चालू केला की फोकस आपल्या जागेवर राहत नाही.

अजून दोन सेटिंग अशीच दडून बसलेली आहेत. मेनूत नॉईज रिडक्शन आणि नॉईज फिल्टर अशी सारख्या नावाची दोन प्रकरणं आहेत, त्यातलं रिडक्शन आतषबाजीपुरतं बंद करायचं. ते चालू असेल तर ४ सेकंदांचा फोटो काढल्यावर कॅमेरा अजून ४ सेकंद शटर बंद ठेवून एक काळा फोटो घेतो, त्यातले गरम पिक्सेल (उगाच चमकणारे ठिपके) ओळखून वजा करतो, काम चांगलं करतो पण तेवढ्यात वर तीन फुलं फुटून विझलेली असतात. थोड्या सेकंदांच्या फोटोला त्याची गरजही नसते. दुसरं, ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद. व्हाईट बॅलन्सही (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवर नको, ५३०० केल्विनवर म्हणजे उन्हाच्या खुणेवर ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोत आकाशाचा रंग वेगळा.

रंगांवरून आठवलं, रॉमध्येच काढा, प्लीज. फटाक्यांचे रंग धातूंच्या क्षारांतून येतात, लाल स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, पिवळा सोडियमचा आणि निळा तांब्याचा. यातला निळा करायला सगळ्यात अवघड, कारण तो रंग देणारं तांब्याचं संयुग जास्त तापलं की टिकत नाही, त्यामुळे निळी फुलं मुळातच मंद असतात. एकाच फ्रेममध्ये झगझगीत लाल आणि मंद निळं आलं तर लालचा चॅनल आधी जळतो, रेघ गुलाबी-पांढरी दिसायला लागते आणि निळं कुठे आहे शोधावं लागतं. रॉ असेल तर लाल खाली खेचून निळं वर काढता येतं, जेपेगमध्ये एकदा गेलं की गेलं. निळ्या फुलांसाठी मी मुद्दाम एफ/५.६ करून वेगळे फोटो घेते. आकाशात ती बघायला सगळ्यात सुंदर असतात आणि फोटोत सगळ्यात कमी न्याय त्यांना मिळतो.

एफ/१६ वगैरे नको, या सेन्सरवर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) सगळं मऊ व्हायला लागतं. ॲपर्चर एफ/११ पर्यंत बंद करूनही उजेड जास्तच होत असेल तर आयएसओ लो वर म्हणजे १०० च्या बरोबरीला न्या किंवा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा. बरोबर येणाऱ्या १४-४२ ईझेड लेन्सचा फिल्टरचा घेर ३७ एमएम, ४५ एमएम एफ/१.८ लेन्सचाही तेवढाच, म्हणजे एकच फिल्टर दोन्हीला.

आता दुसऱ्या प्रकारच्या अंधाराबद्दल, आणि इथे हात आखडता घ्यावा लागतो. किट लेन्स, म्हणजे बरोबर येणारी तीच १४-४२, १४ ला एफ/३.५ आणि ४२ ला एफ/५.६, खोलीतल्या मंद उजेडात माणसांचे फोटो काढायला ही अपुरीच आहे. पाच अक्षांचं स्टॅबिलायझेशन बॉडीतच आहे, कंपनीचा दावा ४ स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), हात स्थिर असेल तर वाईडला अर्ध्या सेकंदाचा फोटोही हातात धरून निघतो. रात्रीची रिकामी गल्ली, कमानी, दुकानांच्या पाट्या, यासाठी अप्रतिम. पण ते थरथर थांबवतं ती आपल्या हाताची, समोरच्या माणसाने मान हलवली तर ती हललेलीच येणार. तिथे उपाय एकच, २५ एमएम एफ/१.८ सारखी लेन्स. त्याच फोकल लेंग्थला किट लेन्सपेक्षा जवळपास तीन स्टॉप उजेड जास्त, म्हणजे जिथे आयएसओ ६४०० लागला असता तिथे ८०० मध्ये भागतं. १६०० पर्यंत फोटो छानच येतात, ३२०० ला सावल्यांत दाणे दिसतात पण चालून जातं, त्याच्या वर मी स्वतः जात नाही, आकडे २५६०० पर्यंत दिलेत तरी. स्टेजवरचे नाच, रात्रीचे सामने हेच मुख्य काम असेल तर मात्र हा कॅमेरा घेऊ नका, मोठा सेन्सर आणि फेज डिटेक्ट फोकस (नुसत्या कॉन्ट्रास्टवर अवलंबून नसलेला) असलेलं काहीतरी बघा. तिथे हा पुरा पडत नाही.

चंद्राचा फोटो अंधारातला समजून लाँग एक्स्पोजर करणारे खूप आहेत. चंद्रावर ऊन पडलेलं असतं! पौर्णिमेला एफ/८, आयएसओ २००, १/२०० च्या आसपास, झालं.

हाताळणीत काही गोष्टी खटकतात. स्क्रीन वर खाली झुकते, पण बाजूला उघडत नाही, म्हणजे ट्रायपॉडवर उभी फ्रेम लावली की झुकणाऱ्या स्क्रीनचा काही उपयोग राहत नाही, आणि आतषबाजीला उभी फ्रेम तर सारखी लागते. व्ह्यूफाइंडर ओलेड, २३.६ लाख डॉट्सचा, स्वच्छ आहे, पण आकाशाकडे वळवलेल्या कॅमेऱ्याला डोळा लावायचा म्हणजे मान अवघडते. कार्ड आणि बॅटरी एकाच झाकणाखाली, तेही तळाला, ट्रायपॉडची प्लेट लावली की झाकण अडतं, म्हणून छोटी प्लेट बघून घ्या आणि सुरू व्हायच्या आधी भरलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड टाकून मोकळे व्हा. बॅटरी बीएलएस-५०, कंपनी ३२० फोटो सांगते पण लाइव्ह बल्ब आणि कॉम्पमध्ये स्क्रीन सतत चालू, त्यामुळे हिशोब फोटोंचा नाही तर मिनिटांचा, जास्तीची एक हवीच. यूएसबीने चार्ज होत नाही, चार्जर वेगळा सांभाळावा लागतो. पाऊस, दव यापासून संरक्षण नाही, विजांच्या मागे लागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. डायल्स मात्र फार सुरेख, दोन वरच्या बाजूला आणि त्यांच्या जोडीला मोडची, अंधारात नुसत्या बोटांनी ॲपर्चर बदलता येतं, स्क्रीनकडे बघावंही लागत नाही.

नवीन मॉडेल का नको असं विचाराल. मार्क ३ हा २०१७ चा, त्यात लाइव्ह कॉम्प डायलवरच्या एपी (ॲडव्हान्स्ड फोटो) मोडमधून पटकन सापडतं, नवशिक्यांना सोपं, पण वायरचा रिमोट काढून टाकला, फक्त फोनवरून, आणि माझ्यासाठी तिथेच विषय संपला. मार्क ४ हा २०२० चा, २० मेगापिक्सेल, यूएसबीने चार्ज होतो, स्क्रीन पूर्ण खाली वळते, चांगला आहे, रिमोटचं रडगाणं तेच. फोनवरून शटर चालवायला काही वाटत नसेल तर मार्क ४ खुशाल घ्या. ऑलिंपसचा कॅमेऱ्याचा धंदा २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्युशन्सकडे गेला, लेन्सा आता ओएम सिस्टीम नावाने येतात आणि याच माउंटला बसतात, म्हणून जुनी बॉडी घेतली तरी लेन्सांवरचा खर्च वाया जायची भीती नाही.

मार्क २ आता बहुतेक सेकंडहँडच मिळेल. घेताना लाँग एक्स्पोजरसाठी घेताय हे लक्षात ठेवून तपासा. लेन्सकॅप लावा, नॉईज रिडक्शन बंद करा, आयएसओ २०० ला ३० सेकंदांचा एक फोटो काढा आणि मोठा करून कोपऱ्यांपर्यंत बघा. लाल, निळे, पांढरे ठिपके थोडेफार दिसणारच, जुन्या सेन्सरवर असतात. मग मेनूतून पिक्सेल मॅपिंग चालवा, कॅमेरा स्वतःच ते पिक्सेल शोधून दुरुस्त करतो, आणि परत तसाच फोटो काढा. ठिपके बरेचसे गेले असतील तर सेन्सरची काळजी नाही. मग शटर ६० सेकंदांच्या पुढे नेऊन तिन्ही लाइव्ह मोड एकेकदा चालवा, आणि रिमोटची वायर बसते ते यूएसबीचं भोक ढिलं झालेलं नाही ना तेवढं बघून घ्या.